प्राथमिक शाळांतील वर्गखोल्या व पटवाढ

प्राथमिक शाळेत एका वेळी किती मुलांना सामावून घेता येईल, हे तेथील खोल्या, शिक्षक व अध्यापनाचा वेळ या तीन गोष्टींवर अवलंबून असते. या सामावून घेण्याच्या मर्यादेस शाळेची वर्गक्षमता असे म्हणता येईल. शाळेच्या हजेरीपत्रकात नोंदलेल्या मुलांची एकूण संख्या म्हणजे पट. पट वाढत असता वर्गक्षमता त्याच्या आधी, निदान त्याच्या बरोबरीने, वाढवीत नेणे हा शैक्षणिक नियोजनाचा एक मूलभूत प्रश्न होय. पट एकेका मुलाने वाढतो. खोली मात्र अर्धी किंवा पाव बांधता येत नाही. पट दोन-चार वर्षांत चढतो किंवा उतरतो; एकदा बांधलेली खोली पन्नास वर्षे जागेवर राहते. शिवाय पट सबंध शाळेचा मोजतात, परंतु जागा लागते ती प्रत्येक इयत्तेला. या तीन विसंगतींमुळे भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, वर्गखोल्यांचे नियोजन बहुधा पटाच्या मागून चालत आले आहे आणि जागेची तूट वेळोवेळी दुसऱ्याच कशाने तरी भरून काढली गेली आहे : कधी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून, कधी शाळेचे तास कमी करून, तर कधी ओसरीवर किंवा झाडाखाली वर्ग बसवून.

एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या पंतोजीच्या शाळेला स्वतंत्र इमारत व वर्गवारी अशी नव्हतीच. देवळाचा सभामंडप, एखाद्या वाड्याची पडवी किंवा पंतोजीचे घर हीच शाळा. बहुधा पंधरा-वीस मुले असत आणि त्यांतील प्रत्येक जण आपापल्या मगदुराप्रमाणे पुढे जाई. वरचा मुलगा खालच्याला धुळाक्षरे गिरवायला लावी. मद्रास इलाख्यातील अशाच देशी शाळांतील वाळूवर अक्षरे गिरविण्याची रीत पाहून अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेत आपली ‘मद्रास पद्धती’ बसविली. १७९८ मध्ये लंडन येथे शाळा काढणाऱ्या जोसेफ लँकेस्टर याने बेलप्रमाणेच विद्यार्थी-नायकांच्या साहाय्याने शिकविण्याची पद्धती मोठ्या प्रमाणावर राबविली. एका लांबट दालनात ओळीने बाके, प्रत्येक ओळीवर एक विद्यार्थी-नायक आणि सर्वांवर मिळून एकच शिक्षक, अशी ही योजना होती. तीत तीनशेंहून अधिक मुले एका छताखाली बसत आणि एका मुलाच्या वाट्यास सुमारे ७ चौ. फुट जागा येई. वर्गक्षमतेचा हिशोब मुलामागे चौरस फुटांत मांडण्याची सवय येथून लागली. देशी शाळेत जी रीत पंधरा-वीस मुलांच्या सहवासातून निर्माण झाली होती, ती येथे स्वस्त सामूहिक शिक्षणाचे यंत्र बनली. मुंबई इलाख्यात १८२० नंतर निघालेल्या नव्या मराठी शाळांसाठी लँकेस्टरची पद्धती पसंत करण्यात आली आणि अशा रीतीने मूळची देशी प्रथा विलायतेतून परत आली.

इंग्लंडमध्ये १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर स्थापन झालेल्या शाळामंडळांनी एका मोठ्या दालनाऐवजी प्रत्येक इयत्तेला वेगळी खोली, हा प्रशियन पद्धतीचा आराखडा हळूहळू स्वीकारला. त्याबरोबर वर्गक्षमतेचा अर्थही बदलला. दालनात पंचवीस मुले अधिक आली, तर बाके सरकवून भागत असे. वेगळ्या खोल्यांच्या शाळेत एका इयत्तेची गर्दी शेजारच्या इयत्तेच्या मोकळ्या जागेत सामावता येत नाही. आज आपण ज्याला वर्गखोल्यांची टंचाई म्हणतो, ती या अर्थाने इयत्तावार खोल्यांच्या कल्पनेबरोबर जन्मास आली.

हिंदुस्थानात या कल्पनेपैकी इयत्ता आल्या, खोल्या मात्र आल्या नाहीत. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखाते स्थापन झाले, अभ्यासक्रम इयत्तांत विभागला गेला, परंतु खेड्यातील शाळा चावडीत, धर्मशाळेत किंवा देवळातच भरत राहिली. देवळातील शाळेचा एक परिणाम असा, की ज्या जातींना देवळात प्रवेश नव्हता त्यांची मुले बाहेर पायरीशी किंवा अंगणात बसत, अथवा शाळेत येतच नसत. तेव्हा शाळेसाठी स्वतंत्र इमारत हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. कोणाची मुले आत बसणार, हेही तिच्यावर अवलंबून होते. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. ती मान्य होणे म्हणजे उपलब्ध जागेच्या कितीतरी पट अधिक मुलांची जबाबदारी पतकरणे होते, आणि ती पतकरण्याची सरकारची तयारी नव्हती.

बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली महालातील दहा गावांत सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती सबंध संस्थानास लागू केली. मधली तेरा वर्षे वाया गेली असे समजण्याचे कारण नाही. लहान क्षेत्रात सक्ती करून शाळा, शिक्षक व खर्च यांचा अंदाज घ्यावा आणि मगच क्षेत्र वाढवावे, ही पद्धत नियोजनाच्या दृष्टीने आजही शहाणपणाची वाटते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेल्या विधेयकातही अशीच सावधगिरी होती. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलग्यांपैकी ठराविक प्रमाणात—गोखल्यांच्या मते ३३ टक्के—मुलगे जेथे आधीच शाळेत असतील, तेथेच सक्ती करण्याची मुभा स्थानिक संस्थांना द्यावी, असे तीत सुचविले होते. या अटीकडे सहसा तडजोड म्हणून पाहिले जाते; परंतु जेथे एक-तृतीयांश मुलांपुरती शाळा उभी आहे तेथेच उरलेल्यांसाठी ती वाढविता येईल, असा क्षमतेचा विचारही तीमागे दिसतो. १९१२ मध्ये हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी नामंजूर झाले. पुढे १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला आणि मुंबई शहरात १९२५ मध्ये एफ व जी या दोन विभागांत सक्तीचा प्रारंभ झाला.

पहिल्या इयत्तेचा फुगवटा : पटवाढीचे खरे स्वरूप प्रथम उघड केले ते हारटॉग समितीने. सायमन आयोगाची साहाय्यक समिती म्हणून नेमलेल्या या समितीने १९२९ च्या अहवालात दाखवून दिले, की १९२२-२३ मध्ये पहिल्या इयत्तेत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ उरली होती. बाकीची मुले शाळा सोडून गेली होती किंवा खालच्याच इयत्तेत अडकून पडली होती. समितीने या दोन प्रकारांना जी नावे दिली, त्यांवरून गळती व स्थगन या संज्ञा मराठीत रूढ झाल्या. शिक्षणाच्या दर्जाविषयीची टीका म्हणून हा अहवाल सर्वज्ञात आहे. वर्गखोल्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ फारसा कोणी लावला नाही. एखाद्या उदाहरणाने तो स्पष्ट होईल. समजा, चार इयत्तांच्या एका शाळेचा पट १२० आहे आणि एका शिक्षकामागे ४० मुले या हिशोबाने तिला तीन शिक्षक व तीन खोल्या मिळाल्या आहेत. कागदावर ही शाळा परिपूर्ण आहे. परंतु पहिलीत ५४, दुसरीत ३०, तिसरीत २१ व चौथीत १५ मुले असतील, तर मुख्याध्यापक काय करणार? तिसरी व चौथी मिळून ३६ मुलांना एका खोलीत बसविणार, दुसरीला एक खोली देणार आणि उरलेल्या खोलीत पहिलीची ५४ मुले कोंबणार. म्हणजे ज्यांना अक्षरओळख व्हायची आहे, ज्यांच्याकडे शिक्षकाने एकेकट्याकडे पाहणे सर्वांत गरजेचे आहे, त्यांनाच सर्वांत कमी जागा आणि सर्वांत कमी लक्ष. त्यांतील बरीच मुले वर्षाअखेर नापास होतात, पुढच्या जूनमध्ये नव्या मुलांबरोबर त्याच खोलीत पुन्हा बसतात आणि गर्दी आणखी वाढते. गर्दीतून स्थगन व स्थगनातून गर्दी असे हे चक्र आहे. सरासरीने मोजलेल्या क्षमतेत ते दिसत नाही.

यावर एक उपाय कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचविला. जेथे शक्य असेल तेथे पहिली ते चौथी, निदान पहिली व दुसरी, हे इयत्ताविरहित एकक मानावे, म्हणजे मुलाला पहिलीतच रोखून धरण्याचे कारण उरणार नाही. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर भागातील. समानता, गुणवत्ता व संख्या या तीन गोष्टी एकाच वेळी साधणे हा भारतीय शिक्षणातील हुलकावणी देणारा त्रिकोण आहे, असे त्यांनी १९७५ मधील आपल्या पुस्तकात म्हटले. पहिलीची खोली हा त्या त्रिकोणाचा अगदी रोजचा आणि मोजता येण्याजोगा नमुना म्हणावा लागेल.

स्वातंत्र्योत्तर विस्तार : सार्जंट योजनेने (१९४४) ६ ते १४ वयाच्या सर्व मुलांच्या शिक्षणासाठी ४० वर्षांची मुदत धरली होती. संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने ती १० वर्षांवर, म्हणजे १९६० पर्यंत आणली. ध्येय म्हणून हे योग्यच होते. परंतु ज्या लोकसंख्येसाठी शाळा बांधावयाच्या तिचा अंदाजच चुकला. पहिल्या दोन पंचवार्षिक योजनांत लोकसंख्या दरसाल सुमारे सव्वा टक्क्याने वाढेल असे गृहीत धरले होते. १९५१ ते १९६१ या दशकात ती प्रत्यक्षात २१·६ टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्राची लोकसंख्या १९६१ मध्ये ३·९५ कोटी होती, ती १९७१ मध्ये ५·०४ कोटींवर गेली. भारतातील पहिली ते पाचवीच्या मुलांची संख्या १९५०-५१ मधील १·९२ कोटींवरून १९६०-६१ मध्ये ३·५० कोटी व १९७०-७१ मध्ये ५·७० कोटी झाली. प्राथमिक शाळा याच वीस वर्षांत सुमारे २·१० लाखांवरून ४·०८ लाखांपर्यंत वाढल्या. मुले जवळजवळ तिप्पट झाली, शाळा दुप्पटही झाल्या नाहीत. यांतील काही मुले उच्च प्राथमिक शाळांना जोडलेल्या खालच्या वर्गांत होती, हे लक्षात घेतले तरी उरलेला भार जुन्याच शाळांवर आणि जुन्याच खोल्यांवर पडला, हे उघड आहे.

शाळा कोठे हव्यात हे नकाशावरून ठरविण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९५७ च्या अखिल भारतीय शैक्षणिक पाहणीने केला. वाड्यावस्त्यांची मोजदाद करून कोणत्या वस्तीस किती अंतरावर शाळा आहे, याची नोंद तीत घेण्यात आली. १९६५ च्या दुसऱ्या पाहणीपासून हे काम राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आले. मात्र अंतराच्या निकषाने शाळांची संख्या वाढते, त्यांतील प्रत्येकीची क्षमता वाढत नाही. डोंगराळ व विरळ वस्तीच्या भागांत त्यातून एकशिक्षकी शाळा वाढल्या. एक खोली, एक गुरुजी आणि चार इयत्ता अशी ही शाळा, आणि तिच्यापुढची अडचण गर्दीची नव्हे, तर चार इयत्ता एकाच फळ्यासमोर बसविण्याची. दाट वस्तीच्या गावांत व शहरांत याच्या उलट स्थिती होती. एकच सरासरी दोन्ही ठिकाणी लावल्याने दोन्हींचे चित्र पुसट झाले.

पाळी पद्धती : खोली वाढविता येत नसेल, तर दिवस दुभागावा, हा विचार शासनांना नेहमीच मोहक वाटत आला आहे. तीत बांधकामावर जवळजवळ खर्च न करता क्षमता दुप्पट झालेली दिसते. मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजगोपालाचारी यांच्या मंत्रिमंडळाने ग्रामीण प्राथमिक शाळांचे तास दिवसाला तीनवर आणून दोन पाळ्या सुरू केल्या. उरलेल्या वेळात मुलांनी आईवडिलांचा व्यवसाय शिकावा, असे या योजनेत अभिप्रेत होते. कुंभाराच्या मुलाने कुंभारच राहावे असा हा कुलधर्म-शिक्षणाचा डाव आहे, अशी कडाडून टीका झाली आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर योजना मागे घेण्यात आली. खोल्यांच्या टंचाईवरचा तांत्रिक उपाय म्हणून काढलेली योजना कोणाच्या मुलाला किती शाळा मिळणार या प्रश्नावर कोसळली. तिचा अभ्यास शिक्षणाच्या प्रशासकांनी अवश्य करावा.

मुंबईत दोन पाळ्यांमागे अशी कोणतीही तात्त्विक भूमिका नव्हती. जागेचा अभाव हेच कारण होते. महानगरपालिकेच्या एकाच इमारतीत सकाळी एक व दुपारी दुसरी शाळा भरणे, तसेच मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांनी मजले वाटून घेणे, हे या शहराचे नेहमीचे दृश्य होय. ज्या चाळीतील खोलीत मुलाला अभ्यासाला कोपरा मिळत नाही, त्याच मुलाची शाळाही अर्ध्या दिवसाची, ही गोष्ट खर्चाच्या हिशोबात येत नाही. पाळीमुळे आणखी एक तोटा होतो. दुपारच्या शाळेसाठी सकाळच्या मुलांना वेळेवर बाहेर पडावे लागते. मागे राहिलेल्या मुलाला थांबवून शिकविण्यास खोली उरत नाही आणि भिंतीवर लावलेली चित्रेही कोणाचीच नसतात.

खोल्यांचे निकष : १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. श्रमदान, लोकवर्गणी व शासकीय अनुदान यांतून अनेक गावांत शाळागृहे उभी राहिली, तरी राष्ट्रीय पातळीवर किमान निकष ठरण्यास १९८६ चे शैक्षणिक धोरण यावे लागले. त्यातून १९८७-८८ मध्ये आलेल्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेस सर्व ऋतूंत वापरता येतील अशा निदान दोन खोल्या व खोल व्हरांडा, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि निदान दोन शिक्षक—शक्य तर त्यांतील एक स्त्री—असा किमान संच ठरविला. एकशिक्षकी शाळेच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होती. परंतु पट ४० असो वा १४०, संच तोच, हा तिचा दोष होता. तो ध्यानात आल्यावर पट शंभराहून अधिक असेल तेथे तिसरा शिक्षक व तिसरी खोली देण्याचे १९९३-९४ मध्ये ठरले. व्हरांडा खोल असावा ही अट किरकोळ वाटते, पण ज्यांनी पावसाळ्यातील शाळा पाहिली आहे त्यांना तिचे मोल कळेल. व्हरांडा ही तिसरी खोलीच असते.

१९९४ पासून जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाने महाराष्ट्रात प्रथम मराठवाड्यातील पाच जिल्ह्यांत व पुढे सर्व शिक्षा अभियानाने राज्यभर बांधकामाचा वेग वाढविला. या दोन्हींत बांधकामावरील खर्चास अनुक्रमे २४ व ३३ टक्क्यांची मर्यादा होती. पैसा केवळ विटा-सिमेंटात जाऊ नये, हा हेतू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली हा निकष कायद्याच्या अनुसूचीतच दाखल झाला. पहिली ते पाचवीसाठी पट ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार, अशी ही चढण आहे. यात खोली शिक्षकाशी व शिक्षक पटाशी बांधला गेल्याने एका मुलाच्या फरकाने एक खोली मिळते किंवा हुकते : साठ मुलांच्या शाळेत पाच इयत्ता दोन खोल्यांत बसतात, एकसष्टावे मूल आले की तिसरी खोली देय होते. इयत्ता हा घटक मात्र येथेही हिशोबाबाहेरच राहिला. त्यातच शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात दाखल करावयाचे असल्याने कोणत्याही इयत्तेत मध्येच मुले वाढू शकतात.

पटाचे मोजमाप : पुढील पाच-सहा वर्षांत पहिलीत किती मुले येणार, हे वस्तुतः गूढ नाही, कारण ती मुले आधीच जन्मलेली असतात. गावच्या जन्मनोंदी, एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत जाणाऱ्यांचे प्रमाण व स्थलांतर यांवरून इयत्तावार अंदाज करता येतो. महाराष्ट्रात शिक्षकांची संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरत आली आहे. म्हणजे क्षमता ठरते ती एका दिवसाच्या नोंदीवरून, आणि तीही मागे पाहून. पटावर शिक्षकाचे पद अवलंबून असल्याने पट फुगविण्याचा मोह निर्माण झाला. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर एकाच वेळी झालेल्या पटपडताळणीत नोंदलेली पण अस्तित्वात नसलेली मुले मोठ्या संख्येने उघडकीस आली. ज्या शाळांत खरी मुले दाटीवाटीने बसली होती, त्यांच्या वाट्याचे काही साधन या कागदी मुलांनी घेतले होते.

दुसरी अडचण प्रामाणिक नोंदींतही उरते. बीड व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) यांसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्यात परततात. सप्टेंबरअखेरचा पट त्यांच्या गावी भरलेला असतो, दिवाळीनंतर तेच वर्ग अर्धे रिकामे होतात आणि कारखान्याच्या तळावर मुले असतात तेथे खोली नसते. साखरशाळा व गावी मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे हे यावर योजलेले उपाय. खोली मुलामागे नेता येत नाही, म्हणून मूल खोलीपाशी थांबविण्याचा प्रयत्न असे वसतिगृहांचे वर्णन करता येईल.

एकविसाव्या शतकात घटते जननप्रमाण, शहरांकडील ओघ व इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा यांमुळे अनेक ठिकाणी पट उतरणीला लागला. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत समाविष्ट करण्याचे ठरविले, तेव्हा एक किलोमीटरच्या आत शाळा या कायद्यातील तरतुदीचा दाखला देऊन तीस विरोध झाला. दहा मुलांची शाळा बंद झाली, तर खोली वाचते. पण ओढ्यापलीकडच्या शाळेत पाठविण्यास नाखूश असलेल्या घरची मुलगी बहुधा घरीच राहते. त्याच सुमारास काही शाळांत खोल्यांची नवी गरजही उत्पन्न झाली. महाराष्ट्रातील जुनी रचना चौथी व सातवीपर्यंतची. केंद्रीय कायद्यातील रचना पाचवी व आठवीपर्यंतची. चौथीपर्यंतच्या शाळेस पाचवी जोडायची, तर गावात एकही मूल न वाढता एक खोली अधिक लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा ठरवून पूर्वप्राथमिकची तीन वर्षे पहिली-दुसरीशी जोडली. त्यामुळे अंगणवाडी शाळेच्या आवारात आणणे आणि पट कमी झाल्याने मोकळ्या पडलेल्या खोल्या लहान मुलांना योग्य अशा करून घेणे, म्हणजे बुटकी बैठक, जवळचे पाणी, उघडी बाजू व सावली यांची सोय करणे, हे काम जिल्हा परिषदांपुढे आले आहे.